मशीनचं काय हरवतं?

आमच्या दैनिकात सहाव्या पानाच्या तळाशी ‘हरवले-सापडले’ असे सदर होते. नावात शब्द दोन, मजकूर मात्र कायम पहिल्याच शब्दाचा. हरवलेली माणसे, गुणपत्रिका, कानातली कुडी, कुत्री, दावे तोडून गेलेला रेडा. सापडल्याचे निवेदन क्वचित. ज्याचे सापडले त्याला वर्तमानपत्राची गरज उरत नाही, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. बातमीच्या धंद्यात एखादा समज एकदा बसला की तो तपासायला कोणाला वेळ नसतो.

सदर सांभाळणारे जाहिरात विभागातले गृहस्थ निवृत्तीचे वय ओलांडूनही कामावर येत. संपादकांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना काका म्हणत. मी वृत्तसंपादक होतो. संध्याकाळी पाने वेळेवर सोडणे, म्हणजे तयार पाने छापखान्याकडे पाठवणे, हे माझे काम. बाकी जे काही बिघडेल तेही फिरून माझ्याच टेबलावर येई. त्या दिवशी सर्व्हर बिघडला.

सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत होता. चिऱ्याच्या भिंती आणि एकच खिडकी, तीही समुद्राच्या अंगाला, म्हणून कायम बंद. तरी खारी हवा आत शिरायची ती शिरेच. लोखंडी कपाटाच्या बिजागऱ्या गंजून हातात येत. त्या हवेत हे यंत्र वर्षानुवर्षे अखंड चालू होते. बातम्या, फोटो, पाने, जुने अंक, सगळे त्याच्यावर. ते शेवटचे बंद कधी केले होते हे कोणाला आठवत नव्हते. चालू आहे ना, मग हात लावू नका, एवढेच त्याच्याबाबतचे आमचे धोरण होते.

ऑक्टोबरची तलखी होती. सकाळी उपसंपादकांनी संगणक सुरू केले तेव्हा जुन्या फाइली उघडत होत्या, पण नवीन काही साठवले जात नव्हते. मी तंत्रज्ञाला फोन केला. तिशीतला माणूस, शहरातल्या पतपेढ्यांची आणि दवाखान्यांची यंत्रे बघायचा. स्कूटर लावून आत आला, खोलीत जाऊन बसला आणि काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरे बराच वेळ वाचत राहिला.

“साहेब, याने स्वतःलाच कडी घातलीय,” तो म्हणाला. “डिस्कवर चुका दिसल्या की हा लिहिणं बंद करतो. वाचा, पण लिहू नका.”

“दुरुस्त होईल?”

“होईल. पण चालू असताना नाही. चालू यंत्रावर नुसतं बघता येतं, आणि बघितलेलं खरं धरता येत नाही. आपण वरून मोजतोय तोवर खालचं हललेलं असतं. बंद करावं लागेल.”

“मग पानं?”

“पानांचं तुम्ही बघा. मी डिस्कचं बघतो.”

मी पानांचे बघायला बाहेर आलो, तेव्हा काकांच्या टेबलासमोर एक बाई उभी होती. चाळिशीच्या पुढची, पदर कमरेला खोचलेला, हातात कापडी पिशवी. ती पहाटे बुरोंडीहून निघाली होती आणि गाड्या बदलत रत्नागिरीपर्यंत आली होती. दापोलीच्या बाजारात मासळी विकायची. आवाज बाजारातलाच होता, त्यामुळे तिचे बोलणे सगळ्या खोलीने ऐकले.

“हरवलेल्यांचे तुमीच काय?”

“मी जाहिरातींचा,” काका म्हणाले.

“तेच ते. माझा भाऊ तुमच्याकडं हाय.”

काकांनी चष्मा वर केला. तिने पिशवी टेबलावर ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. ती पुढे-मागे करत बोलत होती. मी ते क्रमाने लावून देतो.

तिचा धाकटा भाऊ खलाशी होता. आधीचे वर्षभर, बायको वारल्यापासून, तो गप्पगप्प असे. एका खेपेला बोट गुजरातच्या एका बंदराला लागली. तो पाणी आणायला खाली उतरला आणि परत चढला नाही. ओळखीची कागदपत्रे त्याच्या खिशात होती, ती त्याच्याबरोबर गेली. घरच्यांनी पोलिसांत कळवले, आमच्याकडे निवेदन दिले, फोटोसह. फोटो लग्नातला, भिंतीवरच्या चौकटीतून काढून आणलेला. स्कॅन करून आम्ही तो परत दिला होता. पुढे एका वादळात घरावरचे पत्रे गेले आणि भिंतीवरचा फोटोही भिजून गेला. त्याचा दुसरा फोटो घरात नव्हता.

आता गुजरातच्या त्याच बंदरातल्या एका निराधारांच्या आश्रमात एक माणूस होता. बोलत नव्हता. तिकडे गेलेल्या गावच्या एका खलाशाने त्याला पाहिले आणि हा तुमचा असावा असे कळवले. आश्रमाने मोबाइलवर त्याचा फोटो पाठवला. डोके भादरलेले, दाढी, गाल आत गेलेले. आई म्हणाली, हाच. थोरला भाऊ म्हणाला, हा नव्हे. हिला स्वतःला खात्री होती, पण तिच्या खात्रीला तिथे किंमत नव्हती, कारण दुसऱ्या किनाऱ्यावरच्या एका कुटुंबानेही हा आमचाच असे सांगितले होते.

“भुवईची खूण सांगितली मी,” ती म्हणाली. “ल्हानपणी गळ अडकलेला. डाव्या भुवईत खाच हाय. तर आश्रमवाले बोलतात, बाई, खाच आमीच पाठवलेल्या फोटोत दिसते, ती बघून कोणीपण सांगेल. जुना फोटो दाखवा.”

“पोलिसांकडे असेल ना?”

“झेरॉक्स हाय. तेच्यात तोंड म्हंजे डांबर.”

आश्रम त्या माणसाला परवा दूरच्या एका मोठ्या रुग्णालयात हलवणार होता. एकदा तिकडे गेला की सगळे पहिल्यापासून: नवे कागद, नवे अधिकारी, नवी भाषा. तिच्या हातात तो दिवस आणि दुसरा दिवस होता. तिला तो फोटो हवा होता, बाकी काही नको.

काकांनी आधी जुन्या अंकांची बांधीव फाइल काढली. अंक सापडला, निवेदनही सापडले. फोटो अंगठ्याएवढा, शाई पसरलेली. कपाळ, डोळे, भुवया मिळून एकच काळा पट्टा. बाईने त्यावर नख फिरवले.

“हा तर कोळसा.”

“थांबा. मूळ आहे माझ्याकडे,” काका म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजी नव्हती. “सगळे आहेत. एकसुद्धा पुसलेला नाही.”

ते संगणकाकडे वळले. फोल्डर उघडेना. पुन्हा प्रयत्न केला. पडद्यावर वाचता येत नसल्याची सूचना आली. मी तंत्रज्ञाला हाक मारली. तो आला, काकांच्या खांद्यावरून वाकून बघू लागला आणि तसाच वाकलेला राहिला.

“काका, हे कुठलं फोल्डर?”

“माझ्या सदराचं.”

“नाव वाचा.”

“लॉस्ट, मधे अधिकचं चिन्ह, फाउंड. स्पष्ट लिहिलंय. हरवले-सापडले.”

“कुणी बनवलं हे?”

“आधीपासून होतंच की! नवा सर्व्हर आला त्या दिवशी आत बघितलं तर हे तयार. म्हटलं, वा, इथे तरी कोणी माझ्या सदराचा विचार केला. एक अडचण होती, ते मला उघडत नव्हतं. तुझ्या आधी जो यायचा ना, त्याला सांगितलं, बाबा रे, माझ्याच सदराचं फोल्डर आणि मलाच बंद! त्याने कुलूप काढून दिलं.”

तंत्रज्ञ सरळ झाला. हसावे की नाही हे त्याला ठरवता येत नसावे.

“काका, ते मशीनचं आहे.”

“मशीनचं काय हरवतं?”

“नावं,” तंत्रज्ञ म्हणाला. “दुरुस्ती करताना याला तुकडे सापडतात. माल आहे, पण कोणाचा, कुठला, ते राहिलेलं नाही. ते सगळे बेवारस हा या फोल्डरात आणून टाकतो. म्हणून ते प्रत्येक यंत्रात आधीपासून असतं. रिकामं असतं. रिकामंच असायला पाहिजे.”

बाईला यातले किती कळले माहीत नाही, पण मुद्दा कळला होता.

“म्हंजे बर्फ न घालता टोपलीत मासळी ठेवलीत,” ती काकांना म्हणाली, “नि आता गिऱ्हाईक आल्यावर वास बघताय.”

तंत्रज्ञाने मला जिन्याखाली नेले आणि दोन रस्ते सांगितले. एक, यंत्र बंद करून सरळ दुरुस्ती चालवायची. लवकर होईल, दुपारपर्यंत सर्व्हर परत मिळेल. पण डिस्क आतून खराब होत चालली होती. दुरुस्ती करणारा प्रोग्राम प्रत्येक मोडक्या गोष्टीबद्दल विचारतो, साफ करू का. आणि साफ केलेले परत येत नाही. नेमके ते फोल्डरच वाचता येत नसल्यामुळे फोटोंचे काय होईल याची तो हमी देत नव्हता. दोन, आधी संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवायची आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करायची. चुकले तर मूळ शिल्लक. त्याला सगळा दिवस जाईल, आणि तेवढा वेळ सर्व्हर बंद.

संपादक मुंबईत होते. मी फोन करून दोन्ही रस्ते सांगितले.

“आधी अंक,” ते म्हणाले.

“अंक सर्व्हरशिवाय काढतो.”

“निघेल?”

“पूर्वी निघायचा.”

“पूर्वी आपण तरुण होतो,” ते म्हणाले. मग विचारले, “जुन्या अंकांचं काय?”

जुने अंक, सगळे फोटो, सगळे त्या एकाच डिस्कवर होते आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती, हे मी त्यांना सांगितले. हे खरे होते. प्रत काढण्याला तेवढे कारण पुरेसे होते आणि त्यांनी ते मान्य केले. काकांच्या टेबलापाशी बसलेल्या बाईचा उल्लेख मी केला नाही. फोनवर एका वेळी एकच कारण सांगावे, दुसरे सांगितले की पहिले कमजोर होते.

तंत्रज्ञ नवी डिस्क आणायला मारुती मंदिर भागातल्या दुकानात गेला. आम्ही सर्व्हर बंद केला. इतकी वर्षे भिंतीपलीकडून येणारी घरघर थांबली, तेव्हा ती येत होती हे कळले.

त्या दिवसाचा अंक एका पेनड्राइव्हवर निघाला. तो हरवू नये म्हणून शिपायाने त्याला सुतळी बांधली. बातमी एका संगणकावर, फोटो दुसऱ्यावर, पान तिसऱ्यावर. सुतळीला धरून तो पेनड्राइव्ह टेबलाटेबलांवरून फिरत होता आणि ज्याच्याकडे असेल त्याच्या नावाने ओरडा होत होता. एकच बातमी दोन पानांवर लागली. एकीचे शीर्षक दुसरीवर गेले. दुपारपर्यंत सगळ्यांचे आवाज बसले. मी चुका काढत होतो आणि काढलेल्या चुका पुन्हा येत होत्या, कारण जुनीच फाइल फिरून परत येई. या कामात कौशल्य काही नसते. नुसते जागे राहावे लागते.

मधूनमधून मी जिन्याखाली जात होतो. तंत्रज्ञ स्टुलावर बसून होता. प्रत उतरत होती. चांगल्या भागात भराभर पुढे जाई, मग एखाद्या ठिकाणी अडे आणि डिस्कमधून नारळ खवल्यासारखा आवाज येई.

“काय करतोय?”

“तिथलं वाचता येत नाहीये. परत परत प्रयत्न करतो. नाहीच जमलं तर तेवढी जागा कोरी सोडून पुढे जातो.”

“त्या कोऱ्या जागेत काय असेल?”

“ते आता कळणार नाही. एखादा शोकसंदेश असेल. तुमचा अग्रलेख असेल.”

“अग्रलेख संपादक लिहितात.”

“मग चिंता नाही,” तो म्हणाला.

बाई जेवायला बाहेर गेली नाही. पिशवीतून भाकरी काढली, सोबत सुक्या बोंबलांची चटणी. त्या वासाने उपसंपादक टेबलांवरून माना वर करू लागले. तिने काकांपुढे अर्धी भाकरी ठेवली.

“मी खात नाही. मासे नाहीत आमच्यात,” काका म्हणाले.

“भाकरीला काय मासं लागलेत? नुसती खा. सकाळधरनं तोंड पाडून बसलाव.”

काकांनी कोरडी भाकरी खाल्ली. मग ते तिला सांगू लागले की प्रत्येक फाइलला ते गावाचे नाव आणि आडनाव देत असत, तिच्या भावाच्या फाइलचे नाव बुरोंडीवरूनच सुरू होत होते, दोन मिनिटांत सापडली असती. हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “बरं झालं ना मग. पत्त्यावर ठेवला होता. पत्ता गेला, तो थोडाच गेला?”

उन्हे उतरली तेव्हा प्रत पूर्ण झाली आणि तंत्रज्ञाने तिच्यावर दुरुस्ती सुरू केली. काळ्या पडद्यावर एकेक प्रश्न उमटू लागला. ही नोंद चुकीची आहे, सुधारू? हा तुकडा कोणाचाच नाही, जोडू? हे वाचता येत नाही, साफ करू? प्रत्येक प्रश्नाला तो एकच कळ दाबत होता. हो. हो. हो.

“नाही म्हटलं तर?”

“तर पुढे सरकत नाही. साहेब, याच्यात आपलं मत नसतं. आधी प्रत घेतलीय एवढंच आपल्या हातात होतं.”

नंतर नंतर त्याने प्रश्न वाचणेही सोडले. मीही. मी परत पानांकडे गेलो. शेवटचे पान सुतळीसकट छापखान्याकडे रवाना झाल्यावर पुन्हा आलो, तेव्हा प्रश्न संपले होते.

“काकांना बोलवा,” तो म्हणाला. “त्यांचं फोल्डर परत आलंय.”

फोल्डर आले होते. त्यात एकही गाव नव्हते, एकही आडनाव नव्हते. नावांच्या जागी नुसते लांबलचक आकडे, ओळींमागून ओळी. काकांची बेवारस चित्रे आणि यंत्राचे स्वतःचे बेवारस तुकडे, दोन्ही एकत्र. काका पडद्याकडे बघत राहिले. मला वाटते त्यांना तेव्हा पहिल्यांदा ते फोल्डर कशासाठी असते हे पुरते समजले.

“शोधायचं कसं?” त्यांनी विचारले.

“तोंडं बघून,” तंत्रज्ञ म्हणाला. त्याने चित्रे लहान करून ओळीत मांडली आणि बाईला खुर्ची दिली.

ती पडद्याच्या अगदी जवळ बसली. तंत्रज्ञ चित्रे वर सरकवत होता. शाळेच्या गणवेशातल्या मुली. फेटा बांधलेले म्हातारे. मुंबईला नोकरीला म्हणून गेलेले आणि पोहोचले नाहीत असे बाप्ये. मधेच एक पोपट, मधेच एक गुणपत्रिका, मधेच राखाडी चौकोन, ज्यात काहीच उरले नव्हते. असली चित्रे मी रोज एकेक करून पाहिली होती, सहाव्या पानाचा तळ भरला की नाही एवढ्यापुरते. सगळी एकदम कधी पाहिली नव्हती.

“ही पोर गावली काय?” बाईने विचारले.

“माहीत नाही,” काका म्हणाले.

“नि हा आजोबा?”

“माहीत नाही. सापडल्यावर कोणी कळवत नाही.”

“ह्यो रेडा गावला. ह्यो आमच्या शेजारच्या वाडीतला,” ती म्हणाली. तंत्रज्ञ हसला, काकाही हसले. ती हसली नाही. ती पुढचे चित्र बघत होती. मग तिने पडद्यावर बोट टेकवले.

“थांबव.”

तंत्रज्ञाने चित्र मोठे केले. वरून मुंडावळ्या, मग कपाळ, मग भुवया, डोळे, नाकाचा शेंडा. तिथे चित्र संपले होते. खाली सपाट राखाडी रंग. ओठ, हनुवटी, लग्नातला कोट, सगळे त्या कोऱ्या सोडलेल्या जागेत गेले होते.

मग तंत्रज्ञाने आणखी मोठे केले. डाव्या भुवईच्या मध्ये केस नसलेली एक तिरकी, स्वच्छ रेघ होती.

“पुरे,” बाई म्हणाली. “एवढाच पायजे होता.”

तिने आपल्या फोनवरून आश्रमाला तो पाठवला. अक्षरे लिहिता येत नाहीत म्हणून मला लिहायला सांगितले. मी लिहिले: हा फोटो बेपत्ता होण्यापूर्वीचा, लग्नातला आहे, खालचा भाग तांत्रिक कारणाने नष्ट झाला आहे, डावी भुवई पाहावी. सोबत काकांनी बांधीव फाइलीतल्या निवेदनाचा फोटो काढून दिला. त्यात चेहरा कोळसा होता, पण खाली त्याचे नाव-गाव होते आणि वर अंकाची तारीख होती.

उत्तर लगेच आले नाही. शेवटची गाडी गेली होती. मिरकरवाड्यात तिच्या मामेबहिणीचे घर होते, ती तिथे राहायला गेली. जाताना तंत्रज्ञाला म्हणाली, “तुझी आई बोलत असेल, दिवसभर काय करतोस. सांग तिला, दिवसभर हो बोलत होतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या आधी आले होते. बाई आली ती दारातूनच बोलत. आश्रमाच्या लोकांनी तो फोटो आणि समोरचा माणूस शेजारी ठेवून पाहिले होते. दुसऱ्या कुटुंबाकडे खूण दाखवणारा जुना फोटो निघाला नव्हता. माणूस हलवणार नव्हते. येऊन घेऊन जा म्हणाले.

काका उठून उभे राहिले आणि मग उभे राहून काय करायचे ते न सुचल्यामुळे पुन्हा बसले.

त्यानंतर आंब्याला मोहर येईपर्यंत काही कळले नाही. सर्व्हर नव्या डिस्कवर चालू होता, भिंतीपलीकडची घरघर सवयीने पुन्हा ऐकू येईनाशी झाली होती. तंत्रज्ञाने रोज एक प्रत आपोआप निघेल अशी सोय केली. काकांना वेगळे फोल्डर दिले आणि त्याला मराठीत नाव दिले. जुन्या फोल्डरला पुन्हा कुलूप लावले. काका आकड्यांच्या फाइली बांधीव अंकांशी ताडून एकेकीला गाव आणि आडनाव परत देत होते. रोज थोड्या. काम संपेल असे त्यांना वाटत नसावे, पण ते करत होते.

एका दुपारी बाई आली. सुक्या कोळंबीचे सोडे आणले होते, वर्तमानपत्राच्याच पुड्यात. पुडा दुसऱ्या वर्तमानपत्राचा होता, हे शिपायाने सगळ्यांना दाखवले.

“कसा आहे?” मी विचारले.

“हाय. खातो, निजतो. बोटीवर नाय पाठवत. नाव विचारला की माज्याकडं बघतो, की तू सांग.”

काकांनी लगबगीने कागद पुढे ओढला. “सापडल्याचं छापू या. दोनच ओळी. इतक्या वर्षांत...”

“छापू नका!” ती म्हणाली. आवाज बाजारातला, सगळ्या खोलीने ऐकला. “गावलेल्याचा कोण बोभाटा करतो? दृष्ट लागते. तुमाला काय कळतं की नाय?”

काकांनी कागद बाजूला सारला. सदराचा दुसरा शब्द रिकामा का राहतो, त्याबद्दलचा आमचा समज तिथे संपला. मी इतकी वर्षे जिल्ह्याच्या बातम्या पाहत होतो आणि हे मला कोणी सांगितले नव्हते, कारण मी विचारले नव्हते.

“मी त्यासाठी नाय आले,” ती म्हणाली. “तो फोटो काढून टाका.”

“कुठला?”

“तोच, अर्धा. हरवलेल्यांत हाय तो. त्या पोरी, ते आजोबा, त्यांच्यात. तो घरी आला, आता तेंच्यात कशाला? काढा. मी बघते उभी राहून.”

काकांनी माझ्याकडे पाहिले. त्या फाइलला त्यांनी नाव सर्वांत आधी परत दिले होते. बुरोंडीवरून सुरू होणारे. त्यांनी ती शोधली, मोठी केली, भुवई एकदा पाहिली आणि पुसली.

“गेला?”

“गेला,” काका म्हणाले.

“आणखी कुठं नाय ना?”

होता. रोजच्या प्रतीत होता. कपाटात ठेवलेल्या जुन्या डिस्कवर होता. तिने पाठवला त्या आश्रमाच्या फोनमध्ये होता, आणि बांधीव फाइलीत कोळसा होऊन होता. बातमीत असे चार मुद्दे असते तर मी चारही दिले असते. मी तिला म्हटले, आमच्या दुसऱ्या प्रतीत आहे, तोही काढतो. तिने मान हलवली आणि पिशवी उचलली. तिला दापोलीची गाडी गाठायची होती.

ती गेल्यावर मी तंत्रज्ञाला फोन केला.

“साहेब, एका फोटोसाठी येऊ?”

“हो.”

“हाच ना तो, ज्याच्यासाठी त्या दिवशी सगळा सर्व्हर बंद ठेवला?”

“हाच.”

“आणि आता तो पुसायचा.”

“हो.”

पलीकडे त्याने स्कूटर सुरू केली.

“काढतो,” तो म्हणाला. “पण तिला सांगू नका, पुसला तरी तो लगेच जात नाही. नुसतं नाव जातं. त्या जागेवर दुसरं काही येईपर्यंत आत असतो.”

मी सांगितले नाही. संध्याकाळी सहाव्या पानाच्या तळाशी मजकूर थोडा कमी पडत होता. काकांकडे एक निवेदन आले होते, देवरुखकडच्या एका मुलाचे, फोटोसह. ते लावले आणि पान सोडले.